सलाईनमधलं एन्झाइम पेशीत शिरतं कसं?

प्रश्न: माझ्या भाच्याला हर्लर सिंड्रोम आहे. दर आठवड्याला सलाईनमधून एन्झाइम द्यायचं म्हणतात, पण रक्तातून ते पेशीच्या आत पोचतं कसं? – एक मावशी

उत्तर: ताई, याचं मूळ अमेरिकेतल्या बायोकेमिस्ट एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या कामात आहे. हर्लरमध्ये एक एन्झाइम नसल्याने साखरेच्या लांब साखळ्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत, साचत जातात. 1968 साली त्यांच्या टीमने हर्लर आणि हंटर (यात दुसरंच एन्झाइम नसतं), अशा दोन वेगळ्या आजारांच्या पेशी एकाच डिशमध्ये एकत्र वाढवल्या आणि काय आश्चर्य, दोन्हींमधला साठा कमी झाला, म्हणजे एकीने बाहेर सोडलेलं एन्झाइम दुसरी आत घेत होती! हे एन्झाइम ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेलं प्रोटीन असतं, त्याच्या साखरेच्या शेपटीवर मॅनोज-6-फॉस्फेट नावाची खूण असते, पाकिटावरच्या पत्त्यासारखं, आणि पेशीवरचा रिसेप्टर ते ओळखून त्याला थेट लायसोसोममध्ये पोचवतो. भाच्याचं औषधही याच वाटेने जातं.

पण एक सांगायलाच हवं, सलाईनमधलं एन्झाइम मेंदूत नीट पोचत नाही, म्हणून बाळ लहान असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, प्लीज थांबू नका.