नाशिकमध्ये ४६ व्या वर्षी पाळी पुढेमागे, रात्री घाम, झोप नाही. डॉक्टर 'वयामुळे' म्हणून सोडून देतात. नीट उपचार कसे मिळवू?

ताई, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पण पाटी बघून निवडू नका. कॉलेज रोड, गंगापूर रोडला दवाखाने पुष्कळ, पण बऱ्याच ठिकाणी गर्दी गरोदर बायकांचीच. फोनवरच विचारा, रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी १५-२० मिनिटं मिळतील का? खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलची ओपीडी आहेच, सकाळी लवकर गाठा.

जाताना दोन-तीन महिन्यांची नोंद न्या: पाळीच्या तारखा, किती पॅड लागले, घाम कधी येतो. बीपी, अर्धशिशी, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी, घरातला स्तनाचा कर्करोग, हे सगळं न विचारता सांगा. औषध तुमच्यापुरतं ठरतं ते यावरूनच. हार्मोनचं औषध द्यायचं ठरलं आणि गर्भाशय असेल, तर नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन देत नाहीत, जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. गुठळीचा धोका असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा त्वचेवर लावायचा जेल किंवा पॅच बरा. हार्मोन चालतच नसतील तर घाम-झोपेसाठी बिगर-हार्मोन औषधंही आहेत.

पंचेचाळिशीनंतर एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. तो आकडा या काळात सारखा वरखाली होतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघाच. थायरॉइड बिघडला की तक्रारी अगदी अशाच असतात.

तासाला पॅड भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि हो, पाळी चुकतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नाही हं!