मुलगी महूला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पॅथॉलॉजीत एम.व्ही.एस्सी. करायचं म्हणते. मेलेली जनावरं कापण्यात काय भविष्य? क्लिनिक टाकलेलं बरं नाही का?

‘मेलेली जनावरं कापणं’ हे शब्द तुम्ही सहज लिहिले असतील. मी ते माझ्या घरात लग्नाआधीपासून ऐकत आलेय, म्हणून उत्तर लिहायला बसले. मी इंदूरची, रामबागेतली. महूच्याच कॉलेजात शिकले, पॅथॉलॉजी, म्हणजे अवयव आणि पेशी तपासून रोग ओळखण्याचं शास्त्र, केली आणि निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. थोरला भाऊ गुरांचा डॉक्टर, गावोगाव फिरून प्रॅक्टिस करणारा. घरात तो ‘डॉक्टर’ आणि मी ‘मेलेल्यांची डॉक्टर’.

१९९७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सांवेरकडच्या एका गावातून दादाला बोलावणं आलं. तिसऱ्या वेताची म्हैस, दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाणी तोंडात घेई आणि बाहेर सोडी. घशात काहीतरी अडकलंय म्हणून दादाने जबडा उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. हातमोजा नाही. आंब्याची कोय नाही, चिंधी नाही, काहीच लागलं नाही. मग कोवळी ज्वारी बाधली असणार म्हणून तसं औषध देऊन आला. दुसऱ्या दिवशी म्हैस मागून लुळी पडली, आवाज घोगरा झाला, सारखी हंबरत राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

त्या दुपारी तो जेवताना हे सांगत होता आणि माझा घास हातातच राहिला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाच्या पेरावर म्हशीच्या दाताचा ओरखडा होता, त्यावर आईने हळद लावलेली. मी म्हटलं, दादा, ती म्हैस पुरू देऊ नकोस, मला तिचं डोकं उघडू दे. तो म्हणाला, “जिवंत होती तेव्हा मी पाहिली ना? आता मेलेल्या म्हशीला विचारून तुला काय कळणार?” आई म्हणाली, भावाच्या कामात नाक खुपसू नकोस. मी बर्फाचा डबा घेतला, शिपायाला बरोबर घेतलं आणि निघाले. पोचले तेव्हा खड्डा खणून तयार होता.

मला संशय रेबीजचा होता. त्याची आगाऊ लस मी नोकरीला लागतानाच घेतली होती. दोन-दोन हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं. करवतीने कवटी कापली, मेंदू बाहेर काढला. अर्धा भाग ग्लिसरीन-सलाइनमध्ये, अर्धा फॉर्मॅलीन या टिकवण्याच्या द्रावणात. सगळा मेंदू फॉर्मॅलीनमध्ये बुडवला की पुढची निम्मी तपासणी हातची जाते, आणि ही चूक आजही गावोगाव होते. मी सामान आवरत होते तेव्हा म्हशीचे मालक पटेल, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा जवळ येऊन म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी एक कुत्रं गोठ्यात शिरून हिच्या नाकाला चावलं होतं. दादाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

लॅबमध्ये परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. लहान मेंदूचा तुकडा काचेवर दाबून सेलर्सचा रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला ऑइल लेन्स लावली. गाईम्हशींत बघायचं ते पुर्किंजे पेशींत. त्या मोठ्या, सुरईसारख्या असतात. पहिल्या दोन-तीन काचांवर काही नाही. मग एका पेशीत तीन गोल ठिपके दिसले, किरमिजी रंगाचे, कडा स्वच्छ आणि पोटात निळेकाळे कण. नेग्री बॉडीज, रेबीजची खूण. १९०३ मध्ये इटलीच्या अदेल्की नेग्रींनी पहिल्यांदा वर्णन केलं ते हेच. मी उठून पाणी प्यायले, पुन्हा बसून पाहिलं, मग घरी फोन लावला. फोन वहिनीने घेतला. दादा पलीकडेच होता, पण तो फोनवर आला नाही.

चौदा इंजेक्शनं, पोटात. तेव्हा सरकारी दवाखान्यात तीच मिळायची. दादाने घेतली, पटेलांनी घेतली, म्हशीला हाताने कणकेचा गोळा भरवणाऱ्या पटेलीणबाईंनी घेतली आणि म्हशीच्या तोंडात गूळ घालणाऱ्या त्या मुलानेही घेतली. सगळे जगले. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ‘मेलेल्या म्हशीला विचारून’ काय कळलं, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. वर्षभराने चुलतभावाच्या लग्नात दादा पंगतीत सांगत होता, “मला पहिल्या दिवसापासून संशय होताच.” मी वाढत होते. काही बोलले नाही. आज बोलतेय.

या ‘कापण्यात’ रिसर्च काय होतो, तेही सांगते. गिधाडांचंच घ्या. माझ्या लहानपणी देवगुराडियाकडे ती थव्याने बसलेली असत, मग डोळ्यांदेखत नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्क्यांनी घटलं. कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे खायला मिळत नाही. उत्तर मिळालं ते मेलेली गिधाडं उघडूनच. काळजावर, यकृतावर खडूची पूड सांडावी तसा युरिक ॲसिडचा पांढरा थर होता आणि मूत्रपिंडं निकामी झालेली. गुरांना दुखण्यावर द्यायचं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे छापलं आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. जिवंत गिधाडाकडे बघून हे कुणाला कळलं नसतं. गुरांना ती इंजेक्शनं देणारे सगळे क्लिनिकवाले होते, माझा भाऊही त्यात होता. त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा दोष देत नाही. पण माहिती आली ती ‘कापणाऱ्यां’कडून.

गीरमध्ये २०१८ साली दलखाणिया भागात तेवीस सिंह गेले. आधी चर्चा आपसातल्या मारामारीची होती, तपासणीत कॅनाइन डिस्टेम्पर निघाला, जो विषाणू आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांत फिरतो तोच. आणि आपल्या इंदूरचं तर तुम्हाला आठवतच असेल. २०२० च्या डिसेंबरअखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले. पिंडाला कावळा शिवला नाही तर आपल्या जिवाला घोर लागतो, इथे तर झाडाखाली सडा. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन८ बर्ड फ्लू निघाला. मेलेला कावळा कुणी उचलून तपासायला दिला नसता तर कोंबड्या मरायची वाट पाहत बसलो असतो.

आता पैसा. क्लिनिकइतका नाही, हे खरंच. कुत्र्यामांजरांचं क्लिनिक विजयनगरकडे टाकलं तर पाच वर्षांत ती माझ्या अख्ख्या नोकरीपेक्षा जास्त मिळवेल. पॅथॉलॉजीत कॉलेजात शिकवण्याची नोकरी आहे, इज्जतनगर-भोपाळला आहेत तशा पशुरोगांच्या संशोधन संस्था आहेत, औषध कंपन्यांच्या विषचाचणीच्या प्रयोगशाळा आहेत आणि त्या बरा पगार देतात. वन्यप्राण्यांकडेच ओढा असेल तर जबलपूरच्या विद्यापीठात त्यासाठी वेगळं केंद्र आहे. महूचं कॉलेज त्याच विद्यापीठाचं, तिला माहीत असेल. जागा थोड्या निघतात आणि वाट पाहावी लागते. फॉर्मॅलीनने डोळे चुरचुरतात, केसांचा वास दोन वेळा न्हाल्याशिवाय जात नाही आणि लग्नाच्या स्थळांना ‘काय करते’ हे सांगताना घरचे अडखळतात. माझ्या घरचे अडखळले.

हेही सांगते की नेग्री बॉडीज दिसल्या नाहीत म्हणून रेबीज नाही, असं कधीच म्हणता येत नाही. भरवशाची तपासणी फ्लुरोसंट अँटिबॉडीची, ज्यात विषाणू असला तर तो चमकून दिसतो. त्या रात्री मला दिसल्या, हे माझं नशीब. दिसल्या नसत्या तरी मी दादाला सुया घ्यायलाच लावल्या असत्या. आणि चांगला क्लिनिकवाला नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे कुणी काही पाठवतच नाही, हेही मान्य. माझं भांडण क्लिनिकशी नाही. हात घालण्याआधी ‘कुत्रं चावलं होतं का’ एवढं न विचारणाऱ्याशी आहे.

तिला जाऊ द्या. फॉर्म भरण्याआधी रेबीजची आगाऊ लस पुरी करायला सांगा. आणि घरी कुणी तिला ‘मेलेल्यांची डॉक्टर’ म्हटलं तर तिथल्या तिथे तोंड बंद करा. हे काम वडिलांचं आहे. आमच्या अण्णांनी ते केलं नाही.

त्या म्हशीच्या मेंदूचा फॉर्मॅलीनमधला भाग मी नंतर कापून रंगवला होता. ती स्लाइड अजून माझ्या लाकडी पेटीत आहे, रंग उतरलेला नाही. मुलीला घेऊन या, दाखवीन. दादाला तीनदा म्हटलं, ये, बघ. त्याने अजून डोळा लावलेला नाही.