रोजच्या प्रार्थनेला नव्याने बसणाऱ्यासाठी

प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत, असं तू म्हणालास. त्याने खचू नकोस. एका शिष्यानेही प्रभू येशूला ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकव’ असंच विनवलं होतं (बायबल, लूक ११).

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत, पण वेळ ठरलेली हवी. मी पहाटेची धरली, कारण एकदा फोन हातात आला की मन परत जागेवर येत नाही. मार्क १:३५ वाच. आदल्या संध्याकाळी दाराशी सगळं गाव लोटलेलं, तरी येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला. त्याला गरज वाटली, मग आपल्याला किती!

शब्द नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रांचे उसने घे. १५० आहेत, रोज एक मोठ्याने वाच. स्तोत्र १३ तर ‘कुठवर?’ या प्रश्नानेच सुरू होतं. देवापुढे तक्रारही चालते, हे मला फार उशिरा कळलं. आई आजारी होती तेव्हा कित्येक दिवस मी नुसता ‘प्रभू’ एवढंच म्हणून गप्प बसायचो. तीही प्रार्थनाच होती.

आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर’ यातल्या ‘रोजची’वर जरा थांब. रानात देव इस्राएल लोकांना रोज पुरवायचा तो मान्ना (खायचं अन्न) सकाळपर्यंत राखून ठेवला की त्यात किडे पडत (निर्गम १६). रविवारची प्रार्थना आठवडाभर पुरवायला गेलास की तेच होतं.

एखादा दिवस चुकला तर अपराधी वाटून आठवडा बुडवू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी बस.