वेरूळचा अंगठा

परभणी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली चारही चित्रे मिळाली. दोन दिवस ती टेबलावर मांडून ठेवली, एकदा सकाळच्या उजेडात आणि एकदा रात्री दिव्याखाली पाहिली आणि मगच हे पत्र लिहायला बसलो. अमेरिकन कॉमिक्समधले महानायक ग्रीक आणि रोमन पुराणकथांतल्या पात्रांच्या रूपात रंगवण्याची तुझी कल्पना मला मनापासून आवडली आहे. तुझी रेषा आता बसली आहे, रंगाची समजही वाढली आहे, म्हणून जे खटकले ते आडपडदा न ठेवता सांगतो.

सुपरमॅन तू ग्रीक देवांचा राजा झ्यूस याच्या रूपात काढलास. हातात वज्र, मागे ढगांचे सिंहासन आणि एकेक स्नायू मोजून घ्यावा असा. चित्र देखणे आहे, परंतु ते पाहून मला सुपरमॅनविषयी काही नवे कळले नाही आणि झ्यूसविषयीही नाही. सीगल आणि शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली हा नायक जगापुढे आणला, तेव्हा हर्क्युलीस आणि सॅमसन हे बलदंड पुरुष त्यांच्या डोळ्यांपुढे होतेच. म्हणजे ही मंडळी मुळातच पुराणांच्या घरची आहेत. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशचेही तेच. १९४० मधल्या पहिल्या फ्लॅशच्या डोक्यावर देवांचा दूत हर्मिस याचे पंखांचे शिरस्त्राण आधीपासूनच आहे, त्यामुळे त्याला हर्मिस केल्याने चित्रात भर काही पडली नाही. नुसता पोशाख बदलून हे काम होणार नाही. त्या पात्राच्या कथेतला कोणता क्षण निवडायचा, हे आधी ठरवावे लागेल.

वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतो आहे, ते शिल्प तू शाळेच्या सहलीत पाहिले असशील, पण पुन्हा जाऊन निवांत बघ. खाली खोल अंधारात अनेक हातांचा रावण सारे बळ लावून पर्वत उचलतो आहे, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र स्वस्थ बसून नुसता पायाचा अंगठा दाबतो आहे. विद्यार्थिदशेत मी प्रथम ते रेखाटायला बसलो, तेव्हा रावणाचे हात आणि दंड काढता काढता माझा सगळा कागद भरून गेला आणि अंगठ्याला जागाच उरली नाही. ते रेखाटन मी अजून जपून ठेवले आहे. आठव्या शतकातल्या, राष्ट्रकूटांच्या त्या पाथरवटांना ठाऊक होते की रावणाचे बळ कितीही कोरले तरी ते बळ जिथे थांबते ती जागा दाखवल्यावाचून शिल्प पुरे होत नाही.

ग्रीकांनाही हे ठाऊक होते. नेपल्सच्या संग्रहालयात ‘फार्नेसे हर्क्युलीस’ नावाचा प्रचंड पुतळा आहे, त्याची छायाचित्रे मिळव. सिंहाचे कातडे टाकलेल्या सोट्यावर रेलून हर्क्युलीस उभा आहे, मान खाली गेली आहे, देह डोंगराएवढा आणि चेहरा थकलेला. मागे जाऊन पाहिले की पाठीशी धरलेल्या हातात हेस्पेरिडीसच्या बागेतली सोन्याची सफरचंदे दिसतात. एवढे कष्ट करून मिळवलेले फळ समोरून दिसतच नाही! सुपरमॅनला तू असा उभा केलास तर? सगळ्या जगाला वाचवून आलेला, रेललेला, आणि पाठीमागच्या मुठीत त्याच्या नष्ट झालेल्या ग्रहाचा एक तुकडा.

वंडर वुमनला तू अथेना, म्हणजे ग्रीकांची युद्ध आणि बुद्धीची देवी, केलेस. चिलखत, ढाल, घुबड, सगळे नेटके आहे. पण १९४०च्या दशकातल्या तिच्या मूळ कथेत आई तिला मातीतून घडवते आणि देवदेवता तिला शक्ती देतात, हे तू विसरलीस. ग्रीक पुराणात मातीतून घडलेली आणि सगळ्या देवांकडून देणग्या मिळालेली स्त्री म्हणजे पँडोरा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने तिची कथा सांगितली आहे: देवांचा लोहार हेफेस्टस याने माती आणि पाणी कालवून तिला घडवले, अथेनाने सजवले आणि पुढे मानवाच्या सगळ्या दुःखांचा दोष तिच्याच माथी मारला गेला. त्याच मातीतून जगाला वाचवणारी घडते, हा विरोध तुझ्या चित्रात यायला हवा. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो तेव्हा वशिंडावर अंगठ्याचा ठसा राहतो ना, तसा एक ओला ठसा तिच्या खांद्यावर राहू दे. चिलखत नसले तरी चालेल.

बॅटमॅनच्या चित्रात तू सर्वांत जवळ पोचली आहेस. त्याला हेडीस करताना तू सिंहासनाभोवती वटवाघळे काढलीस, ती होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गावरून सुचली की आपोआप आली, हे मला कळव. तिथे हर्मिस मृतांचे आत्मे पाताळात नेतो, तेव्हा ते गुहेतल्या वटवाघळांसारखे चिरकतात. आपल्या अंधाऱ्या लेण्यांत तो आवाज तू ऐकला आहेस, म्हणून ती वटवाघळे इतकी खरी उतरली असावीत. तरी सिंहासन मला पटले नाही. हेडीस मृतांचा राजा आहे, तर बॅटमॅन हा आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा आहे. त्याच काव्याच्या अकराव्या सर्गात ओडिसिअस मृतांच्या प्रदेशाशी जातो, त्याला आईची छाया दिसते, तो तिला तीनदा कवटाळू पाहतो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी हातांतून निसटते. बॅटमॅनचे पुराण मला तिथे दिसते. त्याला सिंहासनावरून उठव आणि ते रिकामे हात काढ. हात काढणे अवघड आहे, पण तुला जमेल.

‘मराठवाड्यात बसून ग्रीक देव रंगवणे परके तर वाटणार नाही ना,’ असे तू विचारले आहेस. पैठण आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे तेव्हाचे तगर, ही दोन्ही गावे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात आली आहेत आणि इथला माल भडोचमार्गे तिकडच्या बाजारात जात होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर उत्खननात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्तीच सापडली. हे देव दोन हजार वर्षांपूर्वीच दख्खनमध्ये येऊन गेले आहेत, तू खुशाल काढ.

उडणाऱ्या आकृत्यांचे मात्र बघ. तुझ्या सुपरमॅनचा सगळा वेग त्याच्या लाल कापडावर अवलंबून आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात आकाशातून येणाऱ्या इंद्राच्या आणि अप्सरांच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळा एका बाजूला झुकल्या आहेत, आणि तेवढ्यावरून त्यांचा वेग कळतो. चित्रकाराने त्यांना पंख दिलेले नाहीत.

पुढच्या खेपेला रंगवलेले काही आणू नकोस. कोळशाने केलेली कच्ची रेखाटने आण, एकेका पात्राची निदान पाच. आणि वेरूळला जाशील तेव्हा मंगळवार टाळ, त्या दिवशी लेणी बंद असतात. सकाळी लवकर पोच आणि रावण काढायला घेण्याआधी कागदावर अंगठ्याची जागा राखून ठेव.

तुझे
चित्रकलेचे सर