मुलीला मानसशास्त्र की आईला समाजशास्त्र?

(पत्र जयसिंगपूरहून आलंय. लिहिणाऱ्या ताई 47 वर्षांच्या, बीकॉम झालेल्या. मुलगी 12वी कॉमर्स, 81 टक्के, तिला सीए करायचंय. ताईंना वाटतं तिने बीए मानसशास्त्र करावं, "नुसते आकडे घेऊन काय करणार, माणूस कळला पाहिजे". हे मुलीला समजावून सांगा, अशी त्यांची विनंती आहे.)

ताई, नमस्कार.

मुलीला समजवायचं काम मी करणार नाही, हे आधीच सांगते. पत्र दोनदा वाचलं. साडेचार पानं आहेत आणि त्यात मुलीबद्दल जेमतेम अर्धं पान, बाकी सगळं तुम्ही काय वाचता, व्याख्यानमालेत काय ऐकलंत, वहीत काय टिपून ठेवता, माणसं एकत्र आली की एकसारखा विचार का करायला लागतात, हेच. आणि मध्येच एक वाक्य, की लग्नाआधी एमए करायचं होतं, वडील नको म्हणाले. त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले होते.

माझ्याकडे येणारी बरीचशी पत्रं इंजिनिअरिंग, मेडिकलसाठी मुलांच्या मागे लागलेल्या पालकांची असतात. तुमची इच्छा त्यापेक्षा वेगळी, विचारी आहे, पण मुलीच्या बाजूने बघा, तिला काय फरक पडतो? तिला जे नकोय ते तिने करावं असंच घरातून चाललंय ना. दोन महिने जेवताना हाच विषय निघतो असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या वडिलांनी तुम्हाला जे हवं होतं ते करू दिलं नाही, आणि आता तुम्ही तिला तिचं करू देत नाही आहात. कडक वाटेल, पण मला हे असंच दिसलं.

"आई, तुला एवढं आवडतं तर तूच शिक ना" हे तिचं बोलणं तुम्ही उद्धटपणा म्हणून लिहिलंय. मला ते अजिबात उद्धट वाटलं नाही, घरात तुमची ओढ नेमकी कोणाला कळली असेल तर ती तिला कळलीय.

सीएचं विचाराल तर एका ओळीत सांगते: 12वी झाल्यावर फाउंडेशनची, म्हणजे पहिल्या परीक्षेची नोंदणी, चार महिने अभ्यास, परीक्षा आता वर्षातून 3 वेळा होते, पुढे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, 2 वर्षांची. ती रोज चार तास नेटाने बसते असं तुम्हीच म्हणता, मग बसू दे.

आता एक गैरसमज मात्र नीट काढते कारण त्यात पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. "सीए करता करता बाहेरून बीए मानसशास्त्र करेल, पुढे काउन्सेलर म्हणून बसेल" असं तुम्ही लिहिलंय. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मानसशास्त्राला दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन पदवीतून नवीन प्रवेश बंद केलेत, कारण 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात हा विषय येतो. त्यामुळे कोणी एजंट "घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री" म्हणून फी मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आणि कॉलेजात जाऊन रीतसर बीए केलं तरी त्यावर कोणी मानसोपचार करायला बसू शकत नाही, बसूही नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे एमए, मग भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला क्लिनिकल कोर्स, हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, मग रजिस्ट्रेशन. समोर खरं आजारी माणूस बसलेलं असतं, म्हणून ही वाट लांब ठेवलीय. ती वाट ज्याला मनापासून हवी त्यानेच धरावी.

आता तुमच्या वहीकडे येते, कारण मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलवायचं का, हे तुम्ही अपार्टमेंटमधल्या 14 जणींना एकेकीला गाठून विचारलंत. 11 जणी म्हणाल्या, "मला चालेल हो, पण बाकीच्यांना आवडणार नाही." आणि शेवटी कोणीच कोणाला बोलावलं नाही. ताई, तुम्ही काय पकडलंय याची तुम्हाला कल्पना आहे का? प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच वेगळा विचार करतो, म्हणून सगळे गप्प बसतात, आणि ज्या रीतीवर मनातून फारसा कोणाचा विश्वास उरला नाही ती रीत तशीच चालू राहते. फ्लॉइड ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शंभर एक वर्षांपूर्वी या गोष्टीवर बोट ठेवलं होतं. वर्गात सर विचारतात "कोणाला काही शंका?" आणि कोणाचाच हात वर होत नाही, तेच हे. तुमच्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठरावाने एका दिवसात मन बदलत नाही, पण जे प्रत्येकजण मनात म्हणत होता ते चारचौघांत मोठ्याने म्हटलं जातं. पुढचा प्रश्न तुमच्या वहीसाठी, की त्यानंतर रोजच्या वागण्यात काय बदललं. हेरवाडला जाऊन विचारून या.

इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत जातीप्रमाणे स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या होतात हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. डोळ्यासमोरचं खुपणं आणि ते नेमकं लिहून ठेवणं, तुम्ही हेच करताय.

आणि आकड्यांना नावं ठेवू नका. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्ये आत्महत्येवर जो ग्रंथ लिहिला तो बराचसा सरकारी नोंदींच्या आकड्यांवर उभा आहे, इतकी खाजगी वाटणारी गोष्टसुद्धा समाजाशी कशी बांधलेली असते हे त्याने त्यातून दाखवलं. तुमच्या 14 जणींचा तक्ता एक्सेलमध्ये कोणी करून दिला? मुलीने. ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय.

तर तुम्ही एमए समाजशास्त्र करा. समाजशास्त्राला दूरशिक्षणात ती बंदी नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठात कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो, वयाची अट नाही, 2 वर्षांचा कोर्स 4 वर्षांपर्यंत पुरवता येतो, जानेवारी आणि जुलै असे दोन वेळा प्रवेश असतात. पण माध्यम इंग्रजी-हिंदी आहे, मराठीतून लिहायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात चौकशी करा. मानसशास्त्राची ओढ असेल तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर त्याचे कोर्स फुकट शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो, आधी एबीसी आयडी (शिक्षणातल्या क्रेडिट्सचं ऑनलाइन खातं), मग तो, त्यात ओटीपीची बरीच भानगड असते, मुलीला शेजारी घेऊन बसा.

एक राहिलं. 14 मधल्या 11 जणींचं उत्तर लिहिलंत, उरलेल्या तिघी काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीत. मला ते हवंय, जमलं तर कळवा.