टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर बदलण्याआधी लिव्हर हाताने हलवून पाहा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र, आणि अ‍ॅक्च्युएटर म्हणजे त्याचा जोर कमी-जास्त करणारा भाग. या अ‍ॅक्च्युएटरबद्दल बरीच पत्रं साचली होती, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत.

प्रश्न : माझी डिझेल गाडी सपाटीला ठीक चालते, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की मध्येच दम सोडते, ३,००० आरपीएमच्या वर जायला तयार नसते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ बरी चालते. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड येतो. एका गॅरेजने टर्बो बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने फक्त अ‍ॅक्च्युएटर. कोणाचं ऐकू?

उत्तर : अजून कोणाचंच नको. पी०२९९चा अर्थ एवढाच, की ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. दम सोडणं म्हणजे लिंप मोड; इंजिन वाचवण्यासाठी ईसीयूच ताकद कापतो.

तुमच्या टर्बोत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणारी पाती आहेत असं धरून चालतो, कारण सध्याच्या बहुतेक डिझेल गाड्यांत तीच असतात. पाती मिटत आली की एक्झॉस्टची वाट अरुंद होते, वायू जोरात चाकावर आदळतो आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. पाती उघडली की बूस्ट उतरतो. सगळी पाती एका रिंगमध्ये अडकवलेली असतात, रिंगला बाहेरून लिव्हर, लिव्हरला रॉड आणि रॉडच्या टोकाला अ‍ॅक्च्युएटरचा डबा. डब्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग. व्हॅक्यूम आला की पडदा रॉड आत ओढतो आणि पाती मिटतात. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग रॉडला परत ढकलते.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो : व्हॅक्यूम डब्यापर्यंत पोचत नाही, डबा काम करत नाही, किंवा डबा ओढतोय पण काजळीने जाम झालेली पाती हलत नाहीत. तिसऱ्या प्रकारात नवा अ‍ॅक्च्युएटर लावून काहीही फरक पडत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच.

या तिन्हींकडे वळण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) मोठे पाइप बघा. जोडावर तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर हवा तिथूनच जाते आहे. मग इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग बघा. समुद्रसपाटीला ते १०० किलोपास्कलच्या आसपास हवं, १,००० मीटर उंचीवर ९०च्या. यात मोठा फरक आला तर दोष सेन्सरचा, टर्बो बिचारा निर्दोष. उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा एक्झॉस्ट इंजिनात परत सोडणारी झडप) हाच कोड देऊ शकतो.

हे सगळं ठीक असेल तर दुसऱ्या माणसाला गाडी सुरू करायला सांगा आणि रॉडवर नजर ठेवा. व्हॅक्यूमच्या बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होताच रॉड झटकन पूर्ण आत जातो आणि बंद केल्यावर परत येतो. हलला नाही, तर डब्याचा होज काढून तिथला व्हॅक्यूम मोजा. व्हॅक्यूम आहे पण रॉड हलत नाही, तर दोष डब्यात किंवा पात्यांत. व्हॅक्यूमच नाही, तर होज, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (ईसीयूच्या इशाऱ्यावर डब्याचा व्हॅक्यूम कमी-जास्त करणारी विजेची झडप) किंवा व्हॅक्यूम पंप. पंपाच्या मुख्य लाइनला समुद्रसपाटीजवळ पाऱ्याच्या २५ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम मिळायला हवा.

प्रश्न : व्हॅक्यूमचा हातपंप नाही. होज तोंडाने ओढून अ‍ॅक्च्युएटर तपासला तर चालेल का?

उत्तर : स्वच्छ नळीचा तुकडा लावून ओढलं आणि हवा सहज येत राहिली, तर पडदा फाटलाय एवढं कळतं. उलट बाजूने काही सिद्ध होत नाही, कारण तोंडाने स्प्रिंग पूर्ण दाबण्याइतका व्हॅक्यूम होत नाही. ६० मिलीची सिरिंज जास्त बरी. दट्ट्या ओढून धरा. रॉड थोडा आत गेला आणि तिथेच थांबला तर पडदा शाबूत आहे. पण नवा अ‍ॅक्च्युएटर बसवायचा असेल तर व्हॅक्यूम दाखवणारं घड्याळ असलेला हातपंप घ्याच. रॉडची लांबी डोळ्यांनी जुळवता येत नाही.

प्रश्न : व्हॅक्यूमचा अ‍ॅक्च्युएटर घरी बदलायचा आहे. टर्बो न उतरवता होईल का? क्रम आणि माप सांगा.

उत्तर : डब्याच्या नटांपर्यंत आणि रॉडच्या टोकापर्यंत पाना पोचत असेल तर टर्बो जागेवर ठेवून होतं. पोचत नसेल तर अंदाजाने धडपडू नका. रॉडची जुळणी करायला तिथे नीट दिसलंही पाहिजे. ऑइलच्या नळ्यांना हात लावायची गरज नाही.

आदल्या रात्री डब्याच्या नटांवर, हीट शील्डच्या बोल्टवर आणि रॉडच्या लॉकनटवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच नाही. हीट शील्डचा बोल्ट हलत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबा, मग सैल करा. गंजलेला बोल्ट नुसता सैल करण्याच्या दिशेने ओढत राहिलात की डोकं तुटून हातात येतं.

काहीही काढण्याआधी जुन्या रॉडचं माप घ्या : डब्याच्या बसण्याच्या पृष्ठभागापासून रॉडच्या डोळ्याच्या (लिव्हरच्या पिनवर बसणाऱ्या भोकाच्या) मध्यापर्यंत, व्हर्नियरने. लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात तेही मोजा आणि फोटो काढा. हे माप फक्त सुरुवातीसाठी. शेवटची जुळणी व्हॅक्यूमवरच होते.

होज उपसून काढू नका, डब्याची नळी तुटते. होजचं टोक कडक झालं असेल तर ब्लेडने उभा छेद द्या. एक सेंटिमीटर कापल्यावर लांबी पुरते का ते पाहा, नाहीतर होज नवा घाला. रॉडच्या टोकाची छोटी क्लिप काढताना खाली फडकं अंथरा. ती उडते आणि अंडरट्रेमध्ये जाऊन बसते. जुनी क्लिप परत वापरू नये. मग डब्याचे दोन-तीन नट, बहुतेक वेळा १० नंबरच्या पान्याचे.

रॉड सुटला की थांबा. या कामातला खरा निकाल आता लागतो. लिव्हर दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ती संपूर्ण वाटेत सारख्या, हलक्या जोराने फिरली पाहिजे. शेवटच्या दोन-तीन मिलीमीटरला वाळूत फिरल्यासारखी खरखर लागली किंवा एका जागी अडकून मग सुटली, तर आत काजळीची कडा साचली आहे. लिव्हरच्या पिनला किंचित ढिलेपणा असला तर हरकत नाही, पण ती स्पष्ट डुगडुगत असेल तर बुश (पिन ज्यात फिरते ती बाही) झिजला आहे. या दोन्हींत नवा अ‍ॅक्च्युएटर खोक्यातच राहू द्या. काम टर्बो उतरवण्याचं आहे.

लिव्हरच्या वाटेत टर्बोच्या बॉडीवर एक स्टॉप स्क्रू असतो, बऱ्याचदा रंग लावून सील केलेला. त्याला हात लावू नका. पाती किती मिटायची हे कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून त्या स्क्रूने ठरवलेलं असतं. तो एकदा फिरवला की घरी परत जागेवर आणता येत नाही.

लिव्हर मोकळी असेल तर नवा डबा हाताने नट लावून बसवा, रॉडचं माप जुन्याइतकं ठेवा, रॉड पिनवर घाला आणि पंप जोडा. हळूहळू व्हॅक्यूम वाढवा. व्हॅक्यूमच्या बऱ्याच टर्बोत रॉड पाऱ्याच्या ३ ते ५ इंचांना हलायला लागतो आणि १८ ते २० इंचांच्या दरम्यान लिव्हर स्टॉप स्क्रूला टेकते. पण हे ढोबळ. नेमका आकडा टर्बोच्या पाटीवरच्या नंबराप्रमाणे मिळवा आणि तोच अंतिम धरा. तिथे पोचल्यावर पंप थांबवून एक मिनिट बघा. काटा खाली येता कामा नये.

लिव्हर लवकर टेकत असेल तर रॉड लांब करा, उशिरा टेकत असेल तर आखूड. एम६ (६ मिलीमीटर आट्यांच्या) रॉडचा एक फेरा म्हणजे १ मिलीमीटर, एम५चा ०.८. यात अर्ध्या फेऱ्यानेही फरक पडतो. बऱ्याच जणांचा नवा डबा वाया जातो तो इथे : डोळा फिरवायला तो आधी पिनवरून काढा, आणि लॉकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. रॉड पिळला की आतला पडदा पिळतो आणि फाटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, दोन दिवसांनी जुनाच कोड परत येतो आणि दोष पार्टला दिला जातो.

शेवटी एम६ नट ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. नवी क्लिप, होज, मग हीट शील्ड. शील्ड विसरू नका, तिच्याशिवाय डब्यातलं रबर भाजून निघतं.

प्रश्न : नवा अ‍ॅक्च्युएटर लावल्यावर पिकअप जबरदस्त आला, पण तिसऱ्या दिवशी पी०२३४ येऊन गाडी लिंप मोडमध्ये गेली.

उत्तर : पी०२३४ म्हणजे बूस्ट मागितल्यापेक्षा जास्त. तो जबरदस्त पिकअप म्हणजेच आजार. रॉड आखूड झाला की पाती लवकर मिटतात आणि उशिरा उघडतात. अर्धा फेरा लांब करून पुन्हा मोजा.

रॉड बरोबर असेल तर सोलेनॉइडकडे बघा. त्याला तीन तोंडं असतात : पंपाकडून येणारं, डब्याकडे जाणारं आणि बाहेरची हवा घेणारं. काम करताना दोन होज आपसात बदलले गेले असतील. किंवा हवा घेणाऱ्या तोंडाचा छोटा फिल्टर बुजला असेल. मग व्हॅक्यूम सुटत नाही आणि पाती मिटलेलीच राहतात.

तपासणी मोकळ्या रस्त्यावर, स्कॅनर शेजारच्या माणसाच्या हातात देऊन. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट दोन्ही रेकॉर्ड करा. दोन रेषा जवळजवळ सोबत चढल्या पाहिजेत. स्कॅनरवर २,२०० मिलीबार दिसलं म्हणून दचकू नका. बऱ्याच गाड्यांत त्यात वातावरणाचे साधारण १,००० धरलेले असतात.

प्रश्न : आमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटर आहे, कोड पी२५६३. जुन्या बाजारातून मिळालेला लावून चालेल का?

उत्तर : पी२५६३ हा पोझिशन सेन्सरचा कोड आहे : लिव्हर जिथे हवी तिथे नाही असं ईसीयूला वाटतंय. आधी प्लग उघडून पिनांवरचा हिरवा गंज आणि वायरिंग बघा, मग लिव्हर. पाती जाम असली की मोटर जोर लावत राहते आणि आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात जातात. मग नव्याचेही जातात.

जुना लावायचा तर नंबर अक्षरशः सारखा हवा. दिसायला एकसारख्या दोन डब्यांत आतलं प्रोग्रामिंग आणि लिव्हरची दिशा वेगळी असू शकते. बॅटरीची निगेटिव्ह काढून १५ मिनिटं थांबा, मगच प्लगला हात लावा. लिव्हर हाताने जबरदस्तीने फिरवू नका. आत वर्म गिअर असेल तर तो मोटरकडूनच फिरतो, लिव्हरकडून नाही. बसवल्यावर बहुतेक गाड्यांत स्कॅनरने दोन्ही टोकं शिकवावी लागतात. त्या वेळी बॅटरी १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर शिकवणं अर्धवट राहतं आणि लोक नवा पार्ट खराब समजून परत करतात. काही अ‍ॅक्च्युएटरना कूलंटच्या नळ्या असतात. तिथे कूलंट भरणं आणि हवा काढणं हे वेगळं काम वाढतं. काही टर्बोंची जुळणी तर बेंचवर प्रवाह मोजूनच होते. तुमची त्यातली असेल तर घरी करू नका.

प्रश्न : जुन्या डिझेलमध्ये अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम नाही, टर्बोच्याच हवेचा होज आहे. तपासणी तीच का?

उत्तर : नाही, उलटी. तिथे बूस्टचा दाब रॉड बाहेर ढकलून वेस्टगेटची झडप (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडून देणारी) उघडतो. व्हॅक्यूमवाल्याचा होज फाटला तर बूस्ट पडतो. याचा फाटला तर झडप बंदच राहते आणि बूस्ट वाढत जातो. म्हणून तो होज संशयास्पद वाटला तरी बदला. तपासायला रेग्युलेटर लावून हळूहळू हवा द्या. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडलात तर पडदा त्याच क्षणी जाईल.

प्रश्न : जाम झालेली पाती ओव्हन क्लीनरने साफ होतात असं ऐकलं. खरं का?

उत्तर : काजळी विरघळते, पण त्यातला कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि अर्धवट धुतलेला फेस बेअरिंगकडे गेला तर टर्बोच जातो. टर्बो उतरवून टर्बाइन हाउसिंग वेगळं केलं असेल तर फक्त त्या कास्ट आयर्नच्या भागावर वापरता येईल, नंतर भरपूर पाण्याने धुऊन. इनटेकमधून मारायच्या स्प्रेकडून आशा ठेवू नका. जागेवरच करायचं तर लिव्हरच्या पिनवर गंज सोडवणारं ऑइल सोडून लिव्हर शंभरेक वेळा मागेपुढे करा. खरखर गेली तरी ती तात्पुरती गेली असं समजा.

काजळी पुन्हा साचते ती बहुतेक सदैव १,५०० आरपीएमच्या आसपास, छोट्या अंतरावर चालवल्यामुळे. इंजिन गरम झाल्यावर आठवड्यातून एकदा १५-२० मिनिटं २,५०० आरपीएमच्या वर चालवली तर पाती पूर्ण वाटेत फिरत राहतात. तरीही सहा महिन्यांत जाम झाली, तर ईजीआर आणि इंजेक्टर तपासून घ्या.