इकोमधले ६० टक्के: हृदय किती रक्त ढकलतं आणि कशामुळे दमतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, रोज सकाळी साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढतात. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे एका ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, आलं आणि ‘४० टक्के हृदय गेलं’ म्हणून आईंनी किल्ला बंद केला.

आईंना सांगा, ६० टक्के नॉर्मल आहे. हे परीक्षेचे मार्क नाहीत, १०० टक्के कुणालाच मिळत नाहीत. हृदयाचा खालचा डावा कप्पा भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिली रक्त असतं. तो आवळला की त्यातलं ७० मिली महाधमनीत जातं, बाकीचं आतच राहतं. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. धडधाकट माणसाचा आकडा ५५ ते ७० च्या आसपास असतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर सुमारे ५ लिटर रक्त बाहेर पडतं. अंगातलं एकूण रक्तही जवळपास तेवढंच.

किल्ला चढताना हेच काम १५ लिटरच्या वर जाऊ शकतं. त्यासाठी ठोके वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबून रक्त वर पाठवतात, त्यामुळे कप्पा जास्त भरतो आणि जास्त ताणलेला स्नायू जास्त जोराने आवळतो, हे फारसं कुणी सांगत नाही. विहिरीतच पाणी नसेल तर पाच एचपीची मोटर उसाला काय देणार? म्हणून अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब झाले, की चांगलं हृदयसुद्धा नुसतं धडधडत राहतं.

आता मुद्द्याचं. आकुंचनाइतकंच हृदयाचं सैल पडणंही महत्त्वाचं. त्याच वेळी कप्पा भरतो आणि डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः तेव्हाच मिळतं. ठोके ७० वरून १५० वर गेले की सगळ्यात जास्त कात्री लागते ती या सैल पडण्याच्या वेळेला. डाव्या कप्प्याला महाधमनीची झडप उघडायची तर आधी खालच्या बीपीइतका, म्हणजे ८० च्या आसपास दाब तयार करावा लागतो. फुप्फुसाकडे रक्त पाठवणाऱ्या उजव्या कप्प्याचं काम २५ च्या आसपास भागतं. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं तर डावी भिंत जाड होते, मग ताठर होते, नीट भरत नाही. ईएफ मात्र दिमाखात ६० च राहतो! चढावर दम लागतो तो अशा वेळी.

म्हणून रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी वाचा. ‘एलव्हीएच’ (डावी भिंत जाड होणं) किंवा ‘डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड १’ (सैल पडण्यात थोडी कसर) असं काही आहे का? दुसरं तर या वयात पुष्कळांच्या रिपोर्टमध्ये असतं, घाबरू नका, पण बीपीकडे काटेकोर लक्ष द्या. झडपांबद्दल काय लिहिलंय तेही डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉईड, ताप, अनियमित ठोके यांनीही हृदयावरचा भार वाढतो, त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या.

किल्ल्यावर हवा विरळ असते म्हणून दम लागतो, ही आपल्याकडच्या सकाळच्या मंडळींची लाडकी थिअरी. कासचं पठारसुद्धा साधारण १२०० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर ऑक्सिजनचा असा काही फरक पडत नाही. दम काढतो तो चढ.

गोळीचं नावही बघा. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर ती ठोके फारसे वाढू देत नाही. मग जास्तीत जास्त ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे गणित आणि मनगटावरचं घड्याळ दोन्ही निरुपयोगी. चालताना सलग दोन वाक्यं बोलता येतात का, एवढं पाहायचं.

चढताना छातीवर दाब येणं, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, पायांवर सूज, पूर्वीपेक्षा कमी चढाला दम, यातलं काहीही असेल तर किल्ला बंदच ठेवा आणि लगेच दाखवा. छातीतला दाब विश्रांतीनेही जात नसेल तर सरळ १०८ ला फोन. यातलं काही नसेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: टीएमटीची (पट्ट्यावर चालवून काढतात त्या ईसीजीची) गरज आहे का, आणि बीपी कितीच्या आत ठेवायचं. त्यांनी हो म्हटलं की आधी किल्ल्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत, आणि तेही रमतगमत.